बाळंतपणाभोवतीचा हृदयस्नायूचा आजार आणि जनुकीय चाचणी : पुण्यातील एका केंद्राच्या सेवेचे परीक्षण

पुण्यातील एक खासगी केंद्र हृदयस्नायूच्या आजारांसाठी जनुकीय चाचणी करते आणि चाचणीच्या आधी व नंतर समुपदेशन देते. त्या सेवेविषयी हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि माझा उद्देश एवढाच आहे की अशी सेवा घेताना कोणत्या गोष्टी पारखून पाहाव्यात हे इतर कुटुंबांना कळावे. माझे मत आधीच सांगते. समुपदेशन उत्तम आहे, प्रयोगशाळेचे काम विश्वासार्ह वाटले, छापील अहवाल मात्र त्या दोहोंच्या तोडीचा नाही. पाचपैकी साडेतीन तारे द्यावेत अशी ही सेवा आहे, आणि त्यांतील बहुतेक श्रेय समुपदेशक बाईंचे आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. माझ्या धाकट्या बहिणीला पहिल्या बाळंतपणानंतर काही आठवड्यांतच आडवे झोपले की धाप लागू लागली, पायांवर सूज आली आणि रात्री खोकला सुरू झाला. बाळंतिणीला थकवा असायचाच, असे म्हणून घरात सगळ्यांनी ते अंगावर काढले. अखेर इको केला तेव्हा हृदयाचे पंपिंग ३० टक्क्यांच्या आसपास असल्याचे दिसले. गरोदरपणाच्या अखेरीस किंवा प्रसूतीनंतरच्या महिन्यांत हृदय असे अशक्त होते, इजेक्शन फ्रॅक्शन (प्रत्येक ठोक्याला हृदयातून बाहेर फेकल्या जाणाऱ्या रक्ताचे प्रमाण, म्हणजेच हे पंपिंग) ४५ टक्क्यांखाली जाते आणि दुसरे कारण सापडत नाही, तेव्हा त्याला पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी म्हणतात. औषधांनी तिची तब्येत पुष्कळ सुधारली आहे. हृदयरोगतज्ज्ञांनी, दुसऱ्या बाळाचा विचार करण्यापूर्वी आणि भावंडांच्या दृष्टीनेही, जनुकीय चाचणी करून घेण्याचा सल्ला दिला आणि त्यातून आम्ही या केंद्रापर्यंत पोहोचलो.

केंद्राची पहिली जमेची बाजू ही की पैसे भरून घेण्याआधी आणि रक्त काढण्याआधी समुपदेशकांची सविस्तर भेट होते. काही ठिकाणी घरी माणूस येऊन रक्त घेऊन जातो आणि पुढे थेट ईमेलवर अहवाल येतो. या आजाराच्या बाबतीत ती पद्धत मला धोक्याची वाटते. येथे बाईंनी कोऱ्या कागदावर आमच्या तीन पिढ्यांची वंशावळ काढली. बाळंतपणाचा आजार म्हटल्यावर आम्ही सगळे आईच्या माहेरची माहिती द्यायला सरसावलो होतो. बाईंनी ती लिहून घेतली आणि मग वडिलांकडे वळून विचारले, “काका, तुमच्याकडे कुणी तरुणपणी अचानक गेले होते का? कुणाला धाप लागायची, पेसमेकर बसवला होता, किंवा कुणी बाळंतपणात दगावले होते का?” तेव्हा वडिलांना त्यांची थोरली बहीण आठवली. ती आमच्या जन्माआधीच, गावी, ओली बाळंतीण असताना गेली होती आणि घरात ती बाळंतरोगाने गेली एवढेच सांगितले जात असे. तिला नेमके काय झाले होते हे आता कोणी सांगू शकत नाही आणि बाईंनीही त्यावरून कोणता निष्कर्ष काढला नाही. त्यांनी फक्त वंशावळीत तिच्या नावाच्या वर्तुळावर खूण केली. हा आजार बाईलाच होतो, पण त्याला कारणीभूत ठरू शकणारा जनुकीय दोष पुरुषाकडूनही तितक्याच सहजपणे येऊ शकतो आणि मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते, हे आम्हांला तेथे प्रथम नीट समजले.

विज्ञानाचा भाग त्यांनी घाई न करता सांगितला, आणि सेवेचे मोल ठरवताना तो महत्त्वाचा असल्यामुळे मीही येथे थोडा विस्ताराने मांडते. फार काळ हा आजार केवळ गर्भारपणाचा मानला जात होता. त्यात तथ्यही आहे, कारण गर्भारपणात रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते आणि हृदयाला त्या प्रमाणात अधिक काम करावे लागते. परंतु केवळ वाढीव भार हे कारण असते तर आजार भार सर्वांत जास्त असताना दिसायला हवा होता. प्रत्यक्षात बहुतेक स्त्रियांमध्ये तो प्रसूती झाल्यावर, भार उतरू लागल्यावर दिसतो. म्हणून लक्ष संप्रेरकांकडे गेले. जर्मनीतील हॅनोव्हर येथील संशोधकांनी २००७ साली दाखवले की दूध येण्यासाठी लागणाऱ्या प्रोलॅक्टिनचा एक तुटलेला तुकडा हृदयातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना इजा करू शकतो. प्रोलॅक्टिन कमी करणारे ब्रोमोक्रिप्टिन हे औषध या आजारात वापरले जाऊ लागले ते त्या कामामुळे. अमेरिकेतील संशोधक झोल्टन अरानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली असे मांडले की गर्भारपणाच्या अखेरीस वारेतून स्रवणारी, रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारी द्रव्येही हृदयावर आघात करतात. तरीही प्रश्न उरतोच, कारण ही संप्रेरके प्रत्येक गर्भवतीच्या शरीरात असतात आणि आजार मात्र थोड्याच जणींना होतो. त्याचे प्रमाणही प्रदेशागणिक फार वेगळे आहे. उत्तर नायजेरियात साधारण शंभर प्रसूतींमागे एक इतके ते नोंदले गेले आहे, तर जपानमध्ये कित्येक हजार प्रसूतींमागे एक.

या प्रश्नाचे अर्धेमुर्धे उत्तर जनुकांनी दिले. २०१० साली नेदरलँड्स आणि अमेरिकेतील गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की काही कुटुंबांत बाळंतपणातील हा आजार आणि पुरुषांमध्येही आढळणारी डायलेटेड कार्डिओमायोपॅथी (हृदय फुगून अशक्त होण्याचा आजार) एकाच घरात नांदतात. २०१६ साली १७२ रुग्ण स्त्रियांच्या अभ्यासात, हृदयस्नायूशी संबंधित ४३ जनुके तपासली असता, १५ टक्के जणींमध्ये प्रथिन अर्धवट तोडणारे बदल सापडले; तुलनेसाठी घेतलेल्या ६०,७०६ लोकांत ते प्रमाण ४.७ टक्के होते. त्यांतील दोनतृतीयांश बदल टीटीएन या एकाच जनुकात होते. हे जनुक टायटिन नावाचे प्रथिन घडवते. मानवी शरीरातील हे सर्वांत मोठे प्रथिन हृदयस्नायूच्या प्रत्येक सूक्ष्म घटकात स्प्रिंगचे काम करते. त्या अभ्यासात रुग्ण स्त्रियांपैकी १० टक्क्यांजवळ टीटीएनचा असा बदल होता, तर तुलनेच्या गटात १.४ टक्क्यांजवळ. दुसरा आकडा बाईंनी दोनदा सांगितला आणि तो का सांगितला हे पुढे कळले: शंभरातल्या एखाद्याजवळ हा बदल असतो आणि त्यांतील बहुसंख्य लोक आयुष्यभर निरोगी राहतात. जनुकाने हृदयाची गंगाजळी थोडी कमी ठेवलेली असते आणि गर्भारपणाची संप्रेरके, वाढलेला रक्तदाब, जुळी बाळे किंवा वाढलेले वय यांपैकी काहीतरी त्यात भर घालते, असे आज समजले जाते.

आता चाचणीकडे वळते. खर्च २०,००० रुपयांच्या घरात आला, अहवालाला ४ ते ६ आठवडे लागतील असे सांगितले होते आणि तो त्या मुदतीत आला. रक्ताची एक छोटी नळी पुरली. माहितीपत्रकावर मात्र शंभराहून अधिक जनुके तपासली जातात ही गोष्ट ठळक अक्षरांत छापली आहे आणि तेथे माझा पहिला आक्षेप आहे. तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ साली डायलेटेड कार्डिओमायोपॅथीशी जोडल्या गेलेल्या ५१ जनुकांचा पुरावा चाळला, तेव्हा भक्कम किंवा मध्यम पुरावा असलेली केवळ १९ निघाली. उरलेली जनुके तपासून रुग्णाच्या हाती बहुधा पडते ते ‘अर्थ अनिश्चित’ असे शेरे असलेल्या बदलांचे ओझे. बहिणीच्या अहवालातही असे दोन बदल आले आहेत आणि घरात सर्वाधिक घबराट त्यांनीच उडवली. जनुकांची संख्या हा गुणवत्तेचा निकष असल्यासारखी जाहिरात करणे मला पटत नाही.

याच माहितीपत्रकात ‘भारतीयांसाठी खास’ अशी एक स्वतंत्र, वेगळ्या शुल्काची चाचणी दिली आहे. एमवायबीपीसी३ या जनुकातील डीएनएच्या २५ अक्षरांचा तुकडा गळालेला असणे हा दक्षिण आशियात फार जुना बदल आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या संशोधनानुसार तो या भागातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो आणि उतारवयात हृदय अशक्त होण्याचा धोका वाढवतो. संशोधन खरे आहे, पण हा बदल मूळ पॅनेलमध्येच, म्हणजे एकत्र तपासल्या जाणाऱ्या जनुकांच्या संचातच, तपासला जातो हे आम्ही विचारल्यावर कळले. बाईंनी स्वतःहून सांगितले की वेगळे पैसे भरू नका. त्यांच्या प्रामाणिकपणाचे कौतुक वाटले. माहितीपत्रक छापणाऱ्यांविषयी तसे म्हणता येत नाही.

अहवालातील मुख्य निष्कर्ष असा की बहिणीच्या टीटीएन जनुकात प्रथिन तोडणारा एक बदल आहे आणि त्याचा वर्ग ‘बहुधा रोगकारक’ असा दिला आहे. रोगकारक, बहुधा रोगकारक, अर्थ अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी अशी ही पाच वर्गांची पद्धत २०१५ पासून जगभर रूढ आहे. टीटीएनच्या बाबतीत केवळ वर्ग सांगून भागत नाही, कारण या जनुकाचे ३६० हून अधिक तुकडे आहेत आणि त्यांतील सगळेच प्रौढ हृदयाच्या प्रथिनात वापरले जात नाहीत. जो तुकडा हृदय जवळजवळ नेहमी वापरते त्यातला दोष गंभीर. जो क्वचित वापरला जातो त्यातला दोष बहुधा निष्प्रभ. रोग्यांमध्ये हे बदल टायटिनच्या ए-बँड या, स्नायूघटकाच्या मधल्या पट्ट्यात बसणाऱ्या भागात अधिक दिसतात. आमच्या अहवालात बदल कोठे आहे आणि तो तुकडा हृदयात किती प्रमाणात वापरला जातो, या दोन्ही गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. ज्यांच्या हाती टीटीएनचा अहवाल येईल त्यांनी या दोन ओळी आहेत का हे आधी पाहावे. नसतील तर अहवाल अपुरा समजून केंद्राला विचारावे.

येथवर ठीक. खरी त्रुटी आहे ती अहवालाच्या ‘भवितव्य’ या परिच्छेदात. तेथे लिहिले आहे की असा बदल असलेल्या स्त्रियांमध्ये वर्षभरानंतरही पंपिंग कमी राहण्याकडे कल असतो. हे विधान खोटे नाही; ते २०१६ च्याच अभ्यासातील ८३ स्त्रियांच्या उपगटावर आधारलेले आहे. परंतु २०२१ साली ४६९ स्त्रियांचा त्याहून बराच मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही टीटीएनचे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपासच निघाले, शिवाय एफएलएनसी, डीएसपी आणि बीएजी३ या जनुकांचा संबंधही दिसला. मात्र टीटीएनचा बदल असलेल्यांचे पंपिंग निदानाच्या वेळी कमी असले तरी पुढे बरे होण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. बहिणीने अहवाल रात्री एकटीने उघडून वाचला आणि त्या एका परिच्छेदावरून आपले हृदय आता सुधारणार नाही असा अर्थ तिने लावला. दुसऱ्या दिवशीच्या भेटीत बाईंनी २०२१ चा अभ्यास समोर ठेवून तो गैरसमज दूर केला. अमेरिकेतील १०० स्त्रियांच्या एका पाहणीत वर्षभरात ७२ टक्के जणींचे पंपिंग ५० टक्के किंवा त्याहून अधिक झाल्याचेही त्यांनी सांगितले. म्हणजे केंद्रातील माणसाला जे ठाऊक आहे ते केंद्राच्या छापील साच्यात नाही. नव्या आईच्या हाती पडणाऱ्या कागदाबाबत ही ढिलाई अक्षम्य आहे, आणि निकालाची भेट होण्याआधीच अहवाल ईमेलने पाठवण्याची पद्धत तर ताबडतोब थांबवायला हवी.

अहवाल संपूर्ण इंग्रजीत आहे. डॉक्टरांसाठी ते सोयीचे असेल, पण चाचणी सगळ्या कुटुंबाची असते आणि आमच्या वडिलांना किंवा गावच्या काकांना त्यातले काहीच कळणार नव्हते. मागणी केल्यावर बाईंनी नातेवाइकांसाठी मराठीत एक पानाचे पत्र लिहून दिले: घरात काय सापडले, कोणी तपासणी करावी, कोणत्या डॉक्टरांकडे जावे आणि घाबरण्याचे कारण का नाही. हे पत्र मला संपूर्ण सेवेतील सर्वांत उपयोगी कागद वाटतो. मागितल्याशिवाय ते मिळत नाही, हे मात्र विचित्र आहे.

नातेवाइकांची चाचणी स्वस्त पडते, कारण तेव्हा सापडलेला एकच बदल शोधायचा असतो, आणि केंद्र ठराविक मुदतीत त्यावर सवलतही देते. आमच्याकडे तो बदल वडिलांकडून आला असे निघाले. त्यांचा इको आणि ईसीजी या वयातही व्यवस्थित आहे. भावात बदल नाही, माझ्यात आहे. माझी बाळंतपणे निर्विघ्न पार पडलेली असल्यामुळे हा निकाल ऐकून मला भीतीपेक्षा आश्चर्यच अधिक वाटले, आणि शंभरातल्या एखाद्याचा तो आकडा बाईंनी दोनदा का सांगितला होता याचा उलगडा झाला. मला ठराविक काळाने इको करण्याचा, रक्तदाबावर लक्ष ठेवण्याचा आणि पुढे कधी कर्करोगासाठी केमोथेरपी घ्यावी लागली तर हा निकाल आधी सांगण्याचा सल्ला मिळाला. टीटीएनचा बदल असलेल्या हृदयावर दारू आणि काही केमोथेरपीची औषधे अधिक घातक ठरू शकतात, हे वडिलांना सांगताना बाईंनी दाखवलेला ठाम पण अपमान न करणारा सूर लक्षात राहण्याजोगा होता.

काही गोष्टींवर केंद्राकडे समाधानकारक उत्तर नव्हते. संमतिपत्रात चाचणीची संमती आणि नमुना संशोधनासाठी वापरण्याची संमती एकाच सहीखाली घेतली आहे. आम्ही दुसरी वेगळी करून मागितली तेव्हा हाताने ओळ खोडावी लागली. ‘अर्थ अनिश्चित’ बदलांचा वर्ग पुढे बदलला तर कळवणार का, यावर आधी “तुम्ही अधूनमधून विचारत राहा” एवढेच उत्तर मिळाले. भारतीय रुग्णांसाठी हा प्रश्न गौण नाही. ज्या ६०,७०६ लोकांशी तुलना केली गेली त्यांत दक्षिण आशियाई जेमतेम ८,००० होते, त्यामुळे आपल्याकडे सामान्य असलेला एखादा बदल दुर्मीळ आणि म्हणून संशयास्पद ठरू शकतो. जीनोमइंडिया प्रकल्पातील सुमारे १०,००० भारतीयांचा जनुकीय साठा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुला झाल्यावर अशा अनेक बदलांचे वर्ग पुन्हा ठरवावे लागतील. चिकाटीने पत्रव्यवहार केल्यावर केंद्राने दर दोन वर्षांनी विनाशुल्क फेरतपासणी करण्याचे लेखी मान्य केले. विम्याविषयीच्या प्रश्नावर स्वागतकक्षाने खांदे उडवले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली जनुकीय विकाराच्या नावाखाली दावे सरसकट नाकारण्याविरुद्ध निकाल दिला होता आणि ते प्रकरण हृदयस्नायूच्याच आजाराचे होते, हे निदान या केंद्रात तरी कोणाला ठाऊक असावे अशी अपेक्षा होती.

दुसऱ्या बाळाचा प्रश्न निघाला तेव्हा समुपदेशकांनी स्वतःचे मत लादले नाही. पुढच्या गर्भारपणातील धोका मुख्यतः पंपिंग पूर्ववत झाले आहे की नाही यावर ठरतो, ५० टक्क्यांखाली असेल तर तो बराच वाढतो, आणि हा निर्णय हृदयरोगतज्ज्ञ व प्रसूतितज्ज्ञ यांच्यासमवेतच घ्यावा, एवढे त्यांनी स्पष्ट सांगितले. जनुकीय निकालामुळे बहिणीची चालू औषधे बदललेली नाहीत, आणि त्यासाठी ही चाचणी नसतेच.

शेवटी एक व्यवहाराची बाब. ज्यांच्या घरी हा आजार नुकताच उद्भवला आहे त्यांनी या चाचणीसाठी धावपळ करू नये. आधी उपचार, बाळ आणि आईची झोप यांकडे लक्ष द्यावे. रक्त सहा महिन्यांनी किंवा वर्षाने दिले तरी जनुकांचे उत्तर तेच येते. मात्र आई-वडील आणि सख्ख्या भावंडांचे इको त्यासाठी अडवून ठेवू नयेत. या केंद्रात जायचे असल्यास भेट समुपदेशकांच्या नावाने आधी ठरवावी, वडिलांकडच्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला सोबत न्यावे, अहवाल भेटीतच हाती द्यावा असे पहिल्याच दिवशी लिहून द्यावे आणि नातेवाइकांसाठीचे मराठी पत्र मागून घ्यावे.